कोकणातला कोरडा वारा

आजारी माणसाच्या उशाशी बसलेली एखादी म्हातारी हळूच ‘घरघर लागली गं’ म्हणाली, की घरात धावपळ सुरू होते. कोणी देवघरातली गंगेची लोटी शोधतं, कोणी परगावच्या मुलाला फोन लावतं. त्या आवाजाचं कारण तसं साधं आहे. घशाशी कफ साठलेला असतो, तो खोकून टाकायची ताकद उरलेली नसते आणि श्वास त्या कफातून बुडबुडे काढत ये-जा करत असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो आवाज ऐकला की माणूस चालला असंच धरलं गेलं. आता तर बंद पडत आलेल्या गिरणीला आणि साखर कारखान्यालाही आपण घरघर लागली म्हणतो.

पनवेलमधल्या कुठल्याही आयसीयूत रात्रपाळीला हाच आवाज येतो, पण तिथे कोणी लोटी शोधत नाही. ‘सिस्टर, सहा नंबरला सक्शन’ एवढंच ऐकू येतं. सिस्टर हातमोजे चढवते, पेशंटच्या घशातल्या नळीत दुसरी बारीक नळी सरकवते, फुर्रर्र असा आवाज होतो आणि दहा-बारा सेकंदांत घरघर थांबते. दाराच्या काचेतून बघणाऱ्या मुलाला दिसतं ते एवढंच. या दहा-बारा सेकंदांसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं मला विचारणारे डॉक्टरही भेटले आहेत. त्यांच्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देता देता पनवेल परिसरातल्या लहानमोठ्या आयसीयूंत उभं राहायची वेळ येत गेली आणि मग त्यातच वर्षं गेली. नव्या सिस्टर, ब्रदर आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींना हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं जे सांगायचे, ते कोणीतरी वहीत उतरवलं, वहीच्या झेरॉक्स निघाल्या आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स वाचता येईनात तेव्हा हे नीट लिहून काढलं. भाषा म्हणून वॉर्डातलीच आहे. ‘कृत्रिम श्वसनयंत्र’ असं मी कधी कोणाला बोलताना ऐकलेलं नाही; व्हेंटिलेटर म्हणते, घाईत नुसतं व्हेंट.

एका शब्दाने मात्र आयुष्यभर छळलं. घशातली नळी जागेवर राहावी आणि हवा बाजूने निसटू नये म्हणून तिच्या टोकापाशी एक छोटा फुगा असतो. त्याचं इंग्रजी नाव मराठी तोंडातून ‘कफ’ असंच येतं. आणि बेडक्यालाही कफच. ‘कफ चेक केला का?’ असं विचारल्यावर एका नव्या मुलीने मला ‘हो मॅडम, पिवळा आहे’ असं उत्तर दिलं होतं. हसू आलं, पण त्या रात्री त्या फुग्यातला दाब कोणीच तपासलेला नव्हता. म्हणून पुढे सगळीकडे मी फुग्याला फुगाच म्हटलं आहे. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका हवा. कमी असेल तर वरची लाळ खाली झिरपते आणि जास्त असेल तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो.

आता पनवेलबद्दल. हे पहिल्यापासून वाटेवरचं गाव. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीहून सुटतो, गोव्याचा रस्ता पळस्प्याला फुटतो, जुना पुणे रस्ता इथूनच खोपोलीच्या घाटाकडे जातो. हेल्मेट न घातलेला बेशुद्ध तरुण आणि त्याच्या नळीतून येणारं रक्तमिश्रित पाणी आम्हाला नवं नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून कधी धुराने भाजलेली छाती येते. आणि इमारती संपल्या की लगेच भातखाचरं, डोंगरांच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्या, आणि पावसाळ्यात मण्यार.

मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की जखम दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येईना होतं, लाळ घशात साठते आणि मग श्वासाचे स्नायूच थांबतात. तिचं विष नसांच्या टोकांना इजा करतं. एकदा ती इजा झाली की प्रतिविष दिल्यावरही टोकं सुधारायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस व्हेंटिलेटर हाच त्या माणसाचा श्वास. पेशंट निपचित पडलेला असतो, पापणीही हलत नाही. पण तो बेशुद्ध नसतो! सगळं ऐकू येतं, सगळं जाणवतं, फक्त सांगता येत नाही. अशा एका पेशंटने बरं झाल्यावर मला सांगितलं, की एक सिस्टर नळी घालण्याआधी दरवेळी ‘दादा, आता खोकला येईल हां, लगेच संपेल’ म्हणायची, बाकीच्या काही न बोलताच घालायच्या. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं, कारण डोळे उघडतच नव्हते. आवाज मात्र त्याने बरोबर ओळखला.

आता मूळ मुद्द्यावर येते, म्हणजे नाकावर.

आपण श्वास घेतो तेव्हा बाहेरची हवा कशीही असो, फुप्फुसात पोचेपर्यंत नाक आणि घसा मिळून ती ३७ अंशांपर्यंत गरम करतात आणि बाष्पाने पूर्ण भरतात. लिटरभर हवेत साधारण ४४ मिलिग्रॅम पाणी. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि कफाची पातळ चादर, तिच्यावर अडकलेल्या धुळीसकट, वर घशाकडे सरकवत राहतात. तिथे आपण ती नकळत गिळून टाकतो. दिवसभर हे चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

घशात नळी गेली की एकाच वेळी तीन गोष्टी बिघडतात. नाक वगळलं जातं. वर येणाऱ्या कफाची वाट फुगा अडवतो. आणि खोकता येत नाही, कारण जोरदार खोकल्यासाठी स्वरयंत्राचं दार आधी घट्ट मिटावं लागतं, आणि नळी तर त्या दारातच उभी. त्यात व्हेंटिलेटरला मिळणारा वायू सिलिंडरमधून किंवा भिंतीतल्या पाइपमधून येतो. पाइप गंजू नयेत, झडपा अडकू नयेत म्हणून तो मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो. बाहेर जुलै असतो, गाढी नदी दुथडी भरलेली, घरात मीठ पाझरतंय, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि पलंगावरच्या माणसाच्या छातीत जाणारा वारा मात्र मे महिन्यातल्या जालन्यापेक्षा कोरडा. कोकणात राहून त्याची छाती दुष्काळात असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुस्तिकेभर तेच आहे: नळी कफाने तुंबते असं आपण म्हणतो, पण ती बहुतेक वेळा कोरडेपणाने तुंबते. ओढून काढणं हे त्यातलं शेवटचं काम. आधीचं काम पाण्याचं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी नवी होते तेव्हाची गोष्ट, रुग्णालय कुठलं ते सोडून देऊ. डोक्याला मार लागलेला पेशंट, व्हेंटिलेटरवर पाचवा दिवस. संध्याकाळपासून मशीनचा दाबाचा अलार्म वाजत होता. मी सक्शनची नळी घातली, ती सहज खाली गेली, थोडासा चिकट कफ आला. ‘ट्यूब ओपन आहे’ असं मी केसपेपरवर लिहिलं आणि छातीचा एक्स-रे, औषधं, सगळीकडे कारण शोधत बसले. पहाटे सॅच्युरेशन घसरत चाललं तेव्हा एका ज्येष्ठ सिस्टरने मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, ट्यूब बदलून बघूया का?’ तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि तरी तिने ते प्रश्नाच्या रूपात विचारलं, हे मला आजही टोचतं. बदललेली नळी मी उभी चिरली. बोअरवेलच्या पाण्याने नळाच्या आत क्षार धरतात ना, तसा पिवळट-तपकिरी थर चारी बाजूंनी चढला होता, आणि मधे एवढीच वाट उरली होती की माझी बारीक नळी जाईल. मशीनला जोडलेल्या, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या भांड्यात पाणी नव्हतं. केव्हापासून नव्हतं ते कोणालाच सांगता येईना, कारण ते बघण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

इथे थोडं गणित केलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या नळीचा आतला व्यास साधारण आठ मिलिमीटर असतो. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं, की नळी अरुंद होते तसा संथ प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. आठाचे सात मिलिमीटर झाले तर अडथळा पावणेदोनपट, सहा झाले तर तिप्पट आणि चार झाले तर सोळापट. म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर साय धरली, तरी श्वासाचं भाडं जवळजवळ दुप्पट. आणि चार मिलिमीटर जाडीची सक्शनची नळी पाच मिलिमीटर उरलेल्या वाटेतून आरामात जाते. नळी आत गेली म्हणजे वाट मोकळी, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा होता.

व्हेंटिलेटर हे सगळं सांगत असतो, पण ऐकायची सवय लागते. ठरावीक आकाराचा श्वास देणाऱ्या पद्धतीत नळी अरुंद झाली की सर्वोच्च दाब चढतो. श्वास क्षणभर थांबवून मोजलेला दाब मात्र होता तेवढाच राहतो. दोहोंत अंतर पडलं की समजावं, दोष फुप्फुसात नाही, वाटेत आहे. ठरावीक दाब देणाऱ्या पद्धतीत हा अलार्म वाजतच नाही. श्वासाचा आकार गुपचूप लहान होत जातो. ती पद्धत लावली असेल तर आकाराच्या आकड्यावर नजर हवी. आणि पडद्यावरची वळणदार रेघ करवतीच्या दात्यांसारखी थरथरायला लागली की नळीत कफ हलतो आहे. स्टेथोस्कोप मानेच्या खाली, श्वासनलिकेवर टेकवला तर तीच घरघर ऐकू येते.

मग दर दोन तासांनी सक्शन करून टाकायला काय हरकत, असं कोणीही म्हणेल. वर्षानुवर्षं मीही चार्टवर तसंच लिहिलं. पण सक्शन कफ ओळखत नाही. ती आधी हवा ओढते, छातीतला ऑक्सिजन ओढते, आणि उघडी राहिलेली फुप्फुसाची टोकं मिटवते. नळीचं टोक अस्तराला टोचलं की रक्त येतं. त्या जागेच्या नसेला धक्का बसला की हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. म्हणून आता जगभरचा सल्ला असा, की बघायचं घड्याळाप्रमाणे आणि ओढायचं गरजेप्रमाणे. आधी काही क्षण शंभर टक्के ऑक्सिजन. ओढण्याचा जोर मोठ्या माणसात साधारण १५० मिलिमीटर पाऱ्याच्या आत. आत-बाहेर मिळून पंधरा सेकंदांच्या आत. सक्शनची नळी घशातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, नाहीतर नाकापेक्षा मोती जड: बाजूने हवा जायला वाटच उरत नाही. तिच्यावर लिहिलेल्या आकड्याला तीनाने भागलं की मिलिमीटरमधली जाडी मिळते. बारा नंबर म्हणजे चार मिलिमीटर. ‘सक्शन करताना स्वतःचा श्वास रोखून धरा, म्हणजे पेशंटला काय वाटतं ते कळेल’ असं शिकवलं जातं. मला ते पटत नाही. पोहणारी धडधाकट मुलगी मिनिटभर श्वास धरेल. मनात आकडे मोजावेत.

सलाईनबद्दल पुढे भांडण होणार हे मला ठाऊक आहे. नळीत पाच-दहा मिलिलिटर सलाईन टाकून कफ पातळ करायचा, ही आमच्याकडची जुनी सवय. पण घट्ट कफ आणि वरून टाकलेलं पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि नळीच्या भिंतीवर वाढलेले जंतू मात्र त्या पाण्याबरोबर खोल जातात. म्हणून नेहमीचं काम म्हणून सलाईन नको. पाणी द्यायचं ते वाफेच्या रूपात, प्रत्येक श्वासाबरोबर. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधं बनवणारं धूतपापेश्वर ज्या पनवेलचं, त्या पनवेलमधल्या आजीला हे सांगायला लागत नाही. छाती भरली की ती पातेलं तापवते आणि डोक्यावर टॉवेल टाकते. आमचा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर हा त्याच वाफाऱ्याचा महागडा नातू. त्यात नळाचं पाणी घालणाऱ्यांसाठी एक वेगळं, थोडं रागीट प्रकरण आहे.

आयसीयूतल्या या सगळ्याची सुरुवात जिथून झाली असं मानतात, तिथेही प्रश्न कफाचाच होता. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात मोठ्या पिंपासारखं लोखंडी फुप्फुस एकच होतं. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रावर घेतलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की छाती बाहेरून हलवून भागत नाही. ही माणसं स्वतःच्या लाळेत आणि कफात बुडत आहेत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन फुगा असलेली नळी घातली, कफ ओढून काढला आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती जगली. मग शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. आपल्याकडे सरकारी वॉर्डात रात्रभर अँबूची पिशवी दाबणारा भाऊ किंवा जावई दिसला की मला ते विद्यार्थी आठवतात. फरक इतकाच, की त्यांना कोणीतरी शिकवलं होतं.

आपल्याकडे ही लढाई मुंबईत धनुर्वाताच्या पेशंटांवर लढली गेली. डॉ. फारोख उदवाडिया यांचं जे. जे. रुग्णालयातलं काम या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. धनुर्वातावर त्यांनी ग्रंथच लिहिला. या आजारात लाळ आणि कफ उदंड, आणि मज्जासंस्था इतकी बिथरलेली की नुसत्या सक्शनने झटका यावा किंवा ठोके थांबावेत. करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत. शेतातलं कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटचं दुखणं याच्या शेजारचं. त्याच्या छातीत पाण्याचा पूर येतो, तो थांबवायला अ‍ॅट्रोपिन द्यावंच लागतं, आणि ते जरा जास्त झालं की पुराचा चिखल आणि चिखलाची वीट होते. पूर ओसरला म्हणून सगळे निर्धास्त असतात, त्याच रात्री नळी बंद पडते.

२०२० मध्ये पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं तेव्हा आम्ही सगळेच नव्याने शिकलो. जंतू हवेत उडू नयेत म्हणून व्हेंटिलेटरची जोडणी शक्यतो उघडायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीतली बंद सक्शन वापरायची, ह्युमिडिफायरऐवजी फिल्टर लावायचा. कारणं बरोबर होती. पण कोरडा वारा कोविडला घाबरत नाही, आणि नळ्या तुंबल्याच्या बातम्या देशोदेशींहून येऊ लागल्या. पीपीई घातल्यावर स्टेथोस्कोप कानाला लावता येत नसे, घरघर ऐकू येत नसे. तेव्हा कळलं, की इतकी वर्षं आम्ही अर्धं काम कानांनी करत होतो.

जंतुसंसर्गावर इथे फार लिहीत नाही, त्यावर भरपूर छापलं गेलं आहे. उशाकडची बाजू तीस अंश वर, दात घासणं, हात धुणं. बस.

शेवटची काही प्रकरणं घरच्यांसाठी आहेत. गळ्याला छेद दिलेला पेशंट आता घरी पाठवतात. भाड्याने आणलेलं सक्शन मशीन, बायकोला दोनदा दाखवलेली कृती आणि रिक्षा. मग पहिल्याच पावसात लाइट जातात. पायाने दाबायचा पंप घरात हवा, त्याच मापाची आणि एक मापाने लहान अशी दुसरी नळी पलंगाच्या डोक्याशी पिशवीत टांगलेली हवी, आणि सक्शनची नळी आतच जाईना झाली तर कोणाची वाट न बघता काय करायचं, ते आधीच हाताला माहीत हवं. त्या प्रकरणांत चित्रं जास्त आहेत. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी मला राग नाही.

बाकीच्यांनी पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करावं. स्टँडबाहेर शहाळं प्यावं आणि नळी घरी आणावी. खुर्चीत बसून नाक चिमटीत धरावं आणि मिनिटभर फक्त त्या नळीतून श्वास घ्यावा. मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नळी मधेच थोडी दाबावी. गरगरलं तर लगेच सोडावी. आपल्याला सोडता येते.